कर्ता हरवलेले कर्म

नीतीचा विचार करताना आपण नकळत एक साधे चित्र मनाशी धरून चालतो. कोणी एक कर्ता असतो. तो काही कृत्य करतो. त्या कृत्याची इजा दुसऱ्या कोणाला पोचते. विहिरीत विष टाकणारा आणि त्या विहिरीचे पाणी पिणारा, असे हे चित्र असते. पाप, अपराध, शिक्षा, प्रायश्चित्त, क्षमा हे आपल्या नीतिविचारातील सारे मोठे शब्द कर्ता, कर्म आणि पीडित या तीन पायांच्या तिवईवर उभे आहेत. यांपैकी एखादा पाय नाहीसा झाला तर तिवई उभी राहील काय? असा प्रश्न पूर्वी कोणी विचारला असता तर तो निव्वळ तर्काचा विनोद ठरला असता. आज मात्र तो प्रश्न हवेनेच आपल्यापुढे टाकला आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी माणसाला विमानात उपकरणे घालून दहा-बारा किलोमीटर उंच जावे लागले आहे. वातावरणातील पाऱ्याच्या मोजमापाविषयी मी येथे लिहितो आहे, ते विज्ञानाची माहिती द्यावी एवढ्याच हेतूने नव्हे. त्या मोजमापाने आपल्या जबाबदारीच्या कल्पनेलाच धक्का दिला आहे, असे मला वाटते म्हणून.

पारा हा धातू आपल्या भाषेला अनोळखी नाही. रागावलेल्या माणसाचा पारा चढतो, आणि हाती न ठरणाऱ्या वस्तूला आपण पाऱ्याची उपमा देतो. रसशास्त्राने त्याला ‘पारद’ म्हटले आणि संसाराच्या पार नेणारा तो पारद अशी त्या शब्दाची फोड केली. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त रसेश्वर दर्शनाला एक स्वतंत्र प्रकरणच दिलेले आहे. ज्या द्रव्याच्या साहाय्याने देह अविनाशी करता येईल अशी एका काळी विचारवंतांची श्रद्धा होती, त्याच द्रव्याचा शोध आज आकाशात घ्यावा लागतो, तो ते देहात किती शिरते हे कळावे म्हणून. काळाने केलेल्या या उलथापालथीवर हसावे की खंत करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

प्रथम प्रमाणाचा विचार करू. उत्तर गोलार्धात जमिनीलगतच्या स्वच्छ हवेत पारा एका घनमीटरला साधारणपणे दीड नॅनोग्रॅम असतो. दक्षिण गोलार्धात सुमारे एक. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एक किलोमीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशी हवेची एक प्रचंड पेटी कल्पिली, तर तिच्यात सारा मिळून दीड ग्रॅमच्या आसपास पारा सापडेल. जुन्या काचेच्या एकदोन तापमापकांत मावेल इतकाच तो. ही हवा श्वासावाटे घेतल्याने कोणी आजारी पडत नाही. मग त्याची एवढी चिंता कशासाठी?

चिंता यासाठी की, निसर्ग येथे उधळ्याप्रमाणे वागत नाही, कंजुषाप्रमाणे वागतो; जे मिळेल ते साठवीत जातो. हवेतला पारा बहुतांशी वाफेच्या रूपात असतो. ही वाफ पाण्यात सहसा विरघळत नाही, म्हणून ती कित्येक महिने हवेत तरंगत राहते आणि तेवढ्या काळात पृथ्वीला वळसे घालते. पुढे ब्रोमीनसारख्या द्रव्यांशी संयोग होऊन तिचे रूप पालटते, ती विद्राव्य होते, आणि पावसाबरोबर खाली येते. तळ्यांच्या आणि समुद्रांच्या गाळातील सूक्ष्म जंतू तिचे मेथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हा मेथिल पारा जलचरांच्या शरीरात साचतो. लहान माशाला मोठा मासा खातो, त्याला त्याहून मोठा. आणि प्रत्येक पायरीवर विषाचा संचय वाढत जाऊन शिकारी माशाच्या देहात तो पाण्यातील प्रमाणाच्या लाखो पट होतो. तो मासा खाणाऱ्या गर्भवतीच्या वारेतून तो गर्भापर्यंत पोचतो, आणि घडत असलेल्या मेंदूला इजा करतो. इतकी लांब ही साखळी आहे. तिच्या एका टोकाला धुराडे आहे, दुसऱ्या टोकाला अजून न जन्मलेले मूल. आणि मधल्या कड्या कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाहीत.

या अदृश्य कड्यांपैकी एक तरी दिसावी, यासाठी विमानाची योजना आहे. जमिनीवरचे ठाणे आपल्या दाराशी आलेली हवा तपासते; परंतु एका खंडातून दुसऱ्या खंडात होणारी वाहतूक आणि पाऱ्याचा रूपपालट या घटना बऱ्याच अंशी वरच घडतात. उपकरणाची रीत ऐकण्याजोगी आहे. बाहेरची हवा नळीने आत ओढून ती सोने भरलेल्या एका बारीक नळीतून नेतात. सोने आणि पारा यांची ओढ जगजाहीर आहे. हवा निघून जाते, पारा सोन्याला बिलगून राहतो. काही मिनिटांनी ते सोने तापवितात, पारा पुन्हा वाफ होऊन सुटतो, आणि त्याच्यावर विशिष्ट तरंगलांबीचे अतिनील किरण टाकले असता त्याचे अणू उजळतात. त्या उजेडावरून पाऱ्याची मोजणी होते. अशा दोन नळ्या आळीपाळीने काम करीत असतात. एक गोळा करते तेव्हा दुसरी हिशेब देते.

या कामासाठी खास सज्ज केलेली विमाने उडाली आहेत. २००१ च्या वसंतात जपान, कोरिया आणि चीन यांच्या आसपासच्या समुद्रांवर धूलिकण आणि धूर यांच्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय मोहीम निघाली होती, तिच्यातील एका सी-१३० जातीच्या विमानातून पाराही मोजला गेला. २०१३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या आग्नेय भागावर अशाच विमानातून पाऱ्याच्या बदलत्या रूपांचा शोध घेण्यात आला. याहून मला विशेष वाटते ती एक जर्मन योजना. तिच्यात उपकरणांनी भरलेली एक मोठी पेटी नेहमीच्या प्रवासी विमानाच्या पोटात, सामानाच्या जागी बसविण्यात आली. २००५ पासून अनेक वर्षे फ्रांकफुर्टहून निघणाऱ्या एअरबस विमानातून ही पेटी खंडोखंडी हिंडली; २००८ मध्ये ती आपल्या चेन्नईलाही वारंवार येऊन गेली. वर बसलेले प्रवासी जेवत होते, झोपत होते. आणि त्यांच्या पायांखाली कोणी एक मुका कारकून साऱ्या मानवजातीच्या श्वासाचे टिपण घेत होता. ते टिपण ज्या इंधनाच्या ज्वलनावर चालले होते, त्याचा धूरही त्याच हवेत मिसळत होता. निरीक्षक हा घटनेबाहेर उभा असतो, या आपल्या सोयीच्या समजुतीला याहून नेमके उत्तर कोणते द्यावे?

आता त्या टिपणातील एका आकड्याकडे पाहा. असे विमान ताशी साडेआठशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. एक नमुना गोळा व्हायला दहा मिनिटे लागली, तर तेवढ्यात विमान सुमारे १४० किलोमीटर पुढे गेलेले असते. म्हणजे कागदावर उमटलेला एक आकडा हा मुंबईपासून जवळजवळ नाशिकपर्यंतच्या लांबीच्या हवेच्या पट्ट्याची सरासरी असतो. त्या पट्ट्यात एखाद्या कारखान्याचा श्वास असेल, वणव्याचा धूर असेल, ज्वालामुखीची वाफ असेल, शेकडो वर्षांपूर्वी कोणी जाळलेल्या, जमिनीत मुरलेल्या आणि पुन्हा वर आलेल्या पाऱ्याचा अंश असेल. बरोबरच्या इतर वायूंच्या प्रमाणावरून शास्त्रज्ञ काही उलगडा करतात. हा लोट जळत्या रानाचा, तो औद्योगिक प्रदेशाचा, असे पुष्कळदा सांगता येते. परंतु अणूवर मालकाचे नाव कोरलेले नसते. कर्म मोजले गेले. कर्ता मात्र त्या सरासरीत विरघळून गेला. आपल्या व्याकरणाने या स्थितीची सोय आधीच करून ठेवली आहे. ‘पारा हवेत सोडला जातो’ असे आपण कर्मणी प्रयोगात लिहितो, आणि वाक्य पूर्ण झाल्याचे समाधान मानतो.

याच्या उलट बाजूला मिनामाताचे उदाहरण आहे. जपानच्या कुमामोतो प्रांतातील त्या लहानशा बंदरात १९५६ च्या मे महिन्यात एका अनोळखी रोगाची अधिकृत नोंद झाली. माणसांचे हातपाय लटपटत, दृष्टी आकुंचित होई, वाणी जाई. मांजरे वेडीपिशी होऊन मरत. ॲसिटाल्डिहाइड तयार करणाऱ्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून उपसागरात जाणारा पारा हे त्याचे कारण होते. तेथे विष पाण्यात सोडले जात होते, हवेत नव्हे. कर्ता एक होता, आणि त्याची नळी डोळ्यांना दिसत होती. कंपनीच्याच रुग्णालयातील डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला घातले. प्रयोगाच्या यादीत त्याचा क्रमांक चारशे होता. त्या मांजराला तोच रोग झाला. हा निष्कर्ष कंपनीने बाहेर येऊ दिला नाही. आणि सरकारने कारणाची अधिकृत कबुली दिली ती १९६८ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत मासे धरले जात होते, खाल्ले जात होते, मुले जन्मत होती.

मिनामाताचा एक अर्थ उघड आहे: कर्ता ठाऊक असणे म्हणजे न्याय होणे नव्हे. परंतु दुसरा अर्थ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्ञान हे स्वतः नीतिमान नसते. चारशे क्रमांकाच्या मांजराने दिलेले उत्तर कपाटात बंद करून ठेवता आले, कारण ते एकाच मालकाच्या कपाटात होते. मोजणे हे सत्कृत्य केव्हा ठरते? मोजलेले सर्वांचे होते तेव्हा. याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला, आणि २०१८ मध्ये भारताने त्याला रीतसर मान्यता दिली. या करारात मोजमापाला आणि कराराच्या परिणामकारकतेच्या परीक्षणाला स्वतंत्र कलमे दिली आहेत, हे मला त्याचे एक मोठे शहाणपण वाटते.

येथे एक शंका घेतली जाईल, आणि ती रास्त आहे. मोजमाप करणारा कोण, आणि ज्याचे मोजमाप होते तो कोण? विमाने आणि उपकरणे बहुधा श्रीमंत राष्ट्रांची. पूर्व आशियातून निघणारा लोट मोजून ते आकडे समोर ठेवणे सोपे. परंतु आजच्या वातावरणात वर्षभरात मिसळणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे साठ टक्के पारा हा पूर्वी केव्हातरी सोडलेला, माती आणि समुद्र यांत साठलेला आणि पुन्हा वर आलेला असतो, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०१३ चा अंदाज आहे. सोळाव्या शतकापासून स्पेनच्या सत्तेखाली अमेरिका खंडातील रूपे काढण्यासाठी अल्मादेन आणि वांकावेलिका येथील पारा वापरला गेला. पुढे युरोपच्या आणि अमेरिकेच्या कारखान्यांनी शतकभर कोळसा जाळला. त्या पाऱ्याचा काही भाग अजून फिरतोच आहे. चीनच्या धुरातील पाऱ्यातही परदेशी बाजारांसाठी केलेल्या मालाचा वाटा आहे. तेव्हा ‘आजचा धूर कोणाचा’ एवढाच प्रश्न विचारणारे मोजमाप खोटे नसले तरी अपुरे असते.

धुराडे कोणाचे हे ठाऊक असतानाही पीडित हरवू शकतो. जर्मनीत लाइपत्सिगजवळ लिपेंडॉर्फ येथे लिग्नाइट जाळणारे वीजकेंद्र आहे. २०१३ मध्ये त्याच्या धुराच्या लोटातून विमान नेऊन पारा मोजला, तेव्हा तो बहुतांशी वाफेच्याच रूपात आढळला; नोंदवह्यांत विद्राव्य रूपाचा वाटा याहून बराच मोठा धरलेला होता. हा भेद रसायनशास्त्राचा दिसतो; पण त्यात नीतीचाही प्रश्न दडला आहे. विद्राव्य पारा जवळपासच पडतो, म्हणजे शेजाऱ्याला बाधतो. वाफेचा पारा दूर जातो, म्हणजे ज्याला आपण कधी पाहणार नाही त्याला बाधतो. शेजारी निदान तक्रार करू शकतो. कॅनडाच्या उत्तर टोकाला अलर्ट येथे १९९५ मध्ये असे दिसून आले की, ध्रुवीय वसंतात सूर्य परतला की हवेतील पारा अल्पावधीत नाहीसा होऊन बर्फावर उतरतो. त्यातील काही परत हवेत जातो, काही तेथेच राहतो. त्या प्रदेशातील इन्युइट लोकांचे पिढीजात अन्न सील आणि देवमासा हे आहे. त्यांनी जगाच्या कोळशाच्या राशीला हात लावलेला नाही; तरी हिशेब त्यांच्या मुलांच्या रक्तात उतरतो. ते तक्रार कोणाच्या दारी नेणार?

आणि ज्याला कर्ता म्हणून पकडता येते, तो तरी कोण निघतो? २०१५ साली मानवी व्यवहारांतून हवेत सुमारे २२२० टन पारा गेला, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्यातील सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३८ टक्के, मोठ्या गिरण्यांचा किंवा वीजकेंद्रांचा नाही. तो हाताने सोने काढणाऱ्या लहान खाणकामगारांचा आहे. ॲमेझॉनच्या जंगलात, आफ्रिकेत, इंडोनेशियात हा गरीब माणूस भुकटी केलेल्या खनिजात पारा मिसळतो, सोने पाऱ्याला बिलगते, आणि तो गोळा विस्तवावर धरला की पारा उडून जातो व सोने उरते. तो धूर प्रथम त्याच्या स्वतःच्या आणि त्याच्या मुलांच्या छातीत जातो. विमानातील शास्त्रज्ञ सोन्याने पारा पकडतो. खाणीतील मजूर पाऱ्याने सोने पकडतो. गुणधर्म एकच, एकाच्या हाती तो ज्ञानाचे साधन होतो, दुसऱ्याच्या हाती पोटाचे. त्या मजुराला अपराधी ठरवून आपण मोकळे होऊ पाहिले, तर त्याचे सोने विकत कोण घेते हे विचारावे लागेल. मंगळसूत्राच्या वाट्या आणि पाटल्या यांवर सोन्याचा कस लिहिलेला असतो. ते कोणत्या नदीकाठच्या विस्तवातून आले हे लिहिलेले नसते.

कोळशाचेही तेच आहे, आणि तो तर आपल्या अंगणातला आहे. जगातील पाऱ्याच्या उत्सर्जनात कोळसा जाळण्याचा वाटा सुमारे २१ टक्के धरतात. मध्य प्रदेशातील सिंगरौली आणि त्याला लागून असलेला उत्तर प्रदेशातील सोनभद्र या रिहंद धरणाच्या परिसरात खाणी आणि औष्णिक केंद्रे दाटीने उभी आहेत. एकट्या विंध्याचल केंद्राची क्षमता ४७६० मेगावॅट आहे. २०१२ मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने सोनभद्र भागातील पाणी, मासे आणि माणसांचे रक्त तपासून त्यांत पारा असल्याचे दाखवून दिले. विंध्याचलची वीज मध्य प्रदेशाप्रमाणेच गुजरात, महाराष्ट्र, गोवा यांनाही जाते. इंदूरला किंवा बडोद्याला दिव्याखाली हा अंक वाचणाऱ्या मराठी वाचकाला ही गोष्ट परक्या मुलखाची वाटू नये. २०१५ च्या डिसेंबरात भारत सरकारने औष्णिक केंद्रांच्या धुरातील पाऱ्यावर प्रथमच मर्यादा घातली. एका घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. ही मर्यादा कागदावर आहे. ती पाळली जाते की नाही, हे मोजल्यावाचून कळणार नाही; आणि मोजलेले लोकांपुढे आल्यावाचून त्या कळण्याला अर्थ नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. कर्ता सापडत नाही, किंवा सापडतो तो सर्वांत दुबळा. पीडित दूर आहे, किंवा अजून जन्मायचा आहे. पाप आणि शिक्षा यांची भाषा येथे थकते. म्हणून काही लोक निष्कर्ष काढतात की, सर्वच जबाबदार असतील तर कोणीच जबाबदार नाही. हा युक्तिवाद दिसायला तर्कशुद्ध आहे. परंतु त्याने फक्त पापाचा शब्द खोडला जातो, जबाबदारीचा नव्हे. आपल्या परंपरेत आणखी एक शब्द आहे, आणि तो पापाहून जुना नसला तरी अधिक कामाचा आहे: ऋण. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही माणसावर जन्मतःच असतात असे आपण मानत आलो. त्यांत त्याचा काही अपराध नसतो. आजोबांनी काढलेले कर्ज नातू फेडतो, तेव्हा तो गुन्हेगार ठरत नाही; पण तो ते नाकारील, तर मात्र ठरतो. ऋणात सर्वांचा वाटा असतो, तरी तो सारखा नसतो. ज्याने अधिक उचलले, ज्याच्यापाशी अधिक आहे, त्याने अधिक फेडावे. खाणीतील मजुराच्या नावावर निघणारी रक्कम आणि वीज उधळणाऱ्या शहराच्या नावावरची रक्कम एक नसते. पाप हे होय किंवा नाही असे असते. ऋण हे किती असे विचारते. आणि ‘किती’ या प्रश्नाला मोजमापावाचून उत्तर नाही.

या दृष्टीने पाहिले म्हणजे विमानातील त्या पेटीचे काम नेमके लक्षात येते. ती न्यायाधीश नव्हे. तिला शिक्षा सुनावता येत नाही. ती खतावणी लिहिते. त्या खतावणीतही चुका राहतात. विद्राव्य पारा नळीच्या भिंतींना चिकटून मोजणीतून निसटतो. पूर्वीची उपकरणे हे रूप कमी दाखवीत होती, हे पुढे तुलनात्मक चाचण्यांत दिसून आले. हे त्या क्षेत्रातील लोकांनी स्वतः शोधले आणि प्रसिद्ध केले, यात मला विज्ञानाची अब्रू दिसते. आपल्या वहीतील खाडाखोड जो सावकार कुळाला दाखवितो, त्याच्या हिशेबावर विश्वास ठेवता येतो.

खतावणी लिहिल्याने कर्ज फिटत नाही, हे खरे. मोजत राहणे हीच एक टाळाटाळ होऊ शकते. ‘अधिक अभ्यास होऊ द्या’ हे वाक्य अनेक सरकारांनी आणि कंपन्यांनी ढालीसारखे वापरले आहे. पण फेडीचाही पुरावा त्याच वहीत सापडतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मेस हेड आणि उत्तर गोलार्धातील इतर काही ठाण्यांवर १९९० नंतरच्या दशकांत पाऱ्याचे प्रमाण हळूहळू उतरलेले आढळले. युरोपात आणि अमेरिकेत धुराड्यांवर बसविलेल्या गाळण्या आणि वस्तूंतून हद्दपार केलेला पारा यांचा त्यात हात आहे. हवा म्हणजे न भरून येणारा अथांग खड्डा नव्हे. ती आपल्या वागण्याची नोंद घेते आणि सावकाश उत्तर देते.

आपल्या देशापुरते बोलायचे तर यातून निघणारे कर्तव्य फार गूढ नाही. सिंगरौलीच्या धुराड्यांवरील आकडे, रिहंदच्या माशांवरील आकडे आणि वरच्या हवेतील आकडे नियमाने घेतले जावेत. ते ज्यांच्या अंगणात पारा पडतो त्यांना त्यांच्या भाषेत वाचायला मिळावेत. आणि ते घेणारा हात धुराड्याच्या मालकाचा नसावा. इतके झाले म्हणजे कर्ता सापडेलच असे नाही. पण वाक्यातील रिकामी राहिलेली कर्त्याची जागा आपल्याला दिसू लागेल. आणि ती जागा पाहून, तिथे आपले नाव कितीसे बसते हे आपण स्वतःच विचारू लागू.